सावकारी पाश आणि कोल्हापूरचे मेस्त्री
(गांवच्या शाळेच्या पटांगणांत दिलेलें भाषण)



आज आम्हांला एका मेस्त्रीची हकीकत सांगावयाची आहे. ते संस्थानिक नव्हते, वकील नव्हते, सभा गाजविणारे पुढारीही नव्हते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हें त्यांचें नांव. रंगकामावरून लोक त्यांना पेंटर म्हणूं लागले आणि तेंच नांव पुढें राहिलें.

त्यांचा जन्म 1890 सालीं कोल्हापुरांत झाला. वडील कृष्णराव हरहुन्नरी कारागीर. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधु आनंदराव यांनीं चित्रकलेची शाळा पाहिली नाहीं. घरांतलें काम पाहत पाहत हात वळला, तीच त्यांची शाळा. एवढ्या भांडवलावर हे दोघे भाऊ नामांकित नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवूं लागले.

1913 सालीं फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र निघाला आणि या भावांनीं मनांत घेतलें कीं आपणही चित्रपट काढावयाचा. पण त्यासाठीं कॅमेरा पाहिजे, आणि तो विलायतेहून आणावयाचा तर पैसा पाहिजे. तेव्हां त्यांनीं काय करावें? कॅमेराच घरीं करावयास घेतला! येथें जे सुतार-लोहार बसले आहेत, त्यांना यांतली मेख लगेच कळेल. भिंगामागें फीत क्षणभर स्थिर राहिली पाहिजे, तेवढ्यांत चित्र उमटलें पाहिजे, आणि उजेड झांकून ती लागलीच पुढें सरकली पाहिजे. असें सेकंदाला सुमारें सोळा वेळां. एक दांता केसभर चुकला कीं सारें चित्र थरथरतें. हें काम अर्ध्यावर असतांनाच 1916 सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं तें सोडलें नाहीं. विष्णुपंत दामले यांना हाताशीं घेऊन 1918 सालीं तो कॅमेरा त्यांनीं पुरा केला.

पुढें महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तीस द्रव्य पुरविणाऱ्यांत तानीबाई कागलकर या गायिका होत्या, आणि शाहू छत्रपतींचा आश्रयही तिला मिळाला. 1920 सालीं सैरंध्री निघाला. त्यांत स्त्रियांचीं कामें स्त्रियांनींच केलीं, आणि कीचकवधाचा देखावा इतका हुबेहूब वठला कीं पाहणारे हादरले. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना सिनेमा केसरी असें म्हटलें. बाबूराव कथेचा प्रत्येक देखावा, पात्रांचा पेहराव आणि हालचाल आधीं कागदावर रेखाटीत आणि मग चित्रण करीत. घराचा आराखडा केल्याखेरीज लांकडास करवत न लावणाऱ्या घराण्यांतले ते, त्यांना दुसरी रीत कशी सुचणार?

आतां मुख्य गोष्ट. 1925 सालीं त्यांनीं सावकारी पाश हा मूकपट काढला. मूळ कथा कादंबरीकार नारायण हरि आपटे यांची. त्या काळीं पडद्यावर देव, दानव आणि राजे यांचीच वर्दळ. बाबूरावांनीं तेथें एक तरुण शेतकरी उभा केला. त्याची जमीन सावकाराच्या घशांत जाते आणि तो गांव सोडून शहराकडे गिरणीची वाट धरतो. हें काम शांताराम वणकुद्रे यांनीं केलें. तेच पुढें व्ही. शांताराम म्हणून गाजले.

जमीन घशांत कशी जाते, हें आम्हीं शाळेच्या ओट्यावर बसून पाहिलें आहे. एक म्हातारे गृहस्थ कागद घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, आमच्या गहाणाची मुदत कधीं सरते, तेवढं बघा." आम्हीं कागद वाचला. तें गहाणखत नव्हतें, खरेदीखत होतें. किंमत पावली, कबजा दिला, असें स्वच्छ लिहिलेलें आणि खालीं त्यांचाच अंगठा. आम्हीं पुन्हां वाचून दाखविलें. तिसऱ्यांदा त्यांनीं वाचूं दिलें नाहीं. कागदाची घडी टोपींत ठेवली, "बरं" म्हणाले आणि उठले. वर्षाच्या आंत त्यांचे दोन नातू शाळेच्या पटावरून कमी झाले. पडद्यावरची गोष्ट ती हीच.

मग लोकांनीं या चित्रपटाला गर्दी केली असेल? नाहीं. तो म्हणावा तसा चालला नाहीं, आणि बाबूरावांना पुन्हां पुराणांकडे वळावें लागलें. आम्हांला याचें दुःख वाटतें आणि रागही येतो. रामाचा वनवास पाहून डोळ्यांस पदर लावावयाचा आणि आपल्या शेजाऱ्याचा वनवास पाहावयाचा नाहीं, ही कोणती रीत? पण दिवसभर व्याजाचा हिशेब डोक्यांत घेऊन हिंडणाऱ्याला रात्रीं पैसे देऊन तोच हिशेब पाहवत नसेल, हेंही खरें असेल. दोष कोणाच्या पदरीं घालावा, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

1929 सालीं दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनींतून बाहेर पडले आणि त्यांनीं प्रभात काढली. बाबूरावांची कंपनी थोड्याच वर्षांत बंद झाली. 1936 सालीं त्यांनीं सावकारी पाश पुन्हां काढला, या वेळीं बोलपट. अंधारांतलें एक खोपट आणि कुत्र्याचें रडणें, एवढाच एक देखावा; पण तो आठवला कीं भान हरपतें, असें चित्रपटकार जे. बी. एच. वाडिया यांनीं नमूद केलें आहे. त्याच सालीं दामले-फत्तेलालांचा संत तुकाराम निघाला आणि मुंबईंत वर्षावर चालला. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा तुम्हां सर्वांस ठाऊक आहे.

बाबूराव 1954 सालच्या जानेवारींत वारले. 1925 चा तो मूकपट आज पाहावयास मिळत नाहीं. फीत नाहींशी झाली आहे. खतें मात्र लोकांच्या पेटींत अजून शाबूत आहेत.

म्हणून एक सूचना करून बसतों. परवाना नसलेल्या सावकारानें जमीन लाटली असेल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणें जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करतां येतो. ज्यांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं ते रविवारीं सकाळीं शाळेंत आणावे. आयाबायांनींही आणावे, संकोच करूं नये. आम्ही प्रत्येक ओळ वाचून दाखवूं, आणि कोणाला तीनदां ऐकावयाची असेल तर तीनदां वाचूं.