हद्द कुणाची?



सुलतानपूरला येताना लोणारकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी मला सोयाबीन भरलेले ट्रक उभे दिसले. ताडपत्री ताणलेली, दोर आवळलेले, ड्रायव्हर चाकापाशी बसून भाकरी खात होता. शरद व्याख्यानमालेचे दिवस आणि सोयाबीन बाहेर पडायचे दिवस एकच, म्हणून आजचा विषय मी हाच घेतला: वाटेत चोरीला जाणारा माल.

वकिली सुरू करून मला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. आपल्याच भागातला एक ड्रायव्हर सकाळी दारात आला. हातात ताडपत्रीचा तुकडा. त्याला हातभर लांब चीर, एका रेषेत, कापडाच्या दुकानात कात्री चालवल्यासारखी. सोयाबीन घेऊन तो इंदूरला निघाला होता. मेहकर, खामगाव, नांदुरा, मलकापूर, मुक्ताईनगर, मग बऱ्हाणपूर. सकाळी चहाला थांबला तेव्हा मागच्या बाजूचा माल खाली बसल्यासारखा वाटला. वर चढून पाहिलं तर चौदा पोती नाहीत. रात्री चढावावर गाडी धिम्या गतीनं चालत असताना कुणीतरी मागून चढलं होतं, एवढंच त्याला सांगता येत होतं.

तो जवळच्या ठाण्यात गेला. तिथं विचारलं, चोरी कुठं झाली? त्याला कुठं माहीत! म्हणाले, महाराष्ट्रात झाली असेल, तिकडं जा. तो मागं आला. इकडं म्हणाले, पलीकडं झाली असेल, तिकडंच जा. तीन दिवस तो गाडी घेऊन या बाकड्यावरून त्या बाकड्यावर बसला. फिर्याद कुणीच घेतली नाही. फिर्याद नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून मालकानं पैसे त्याच्या पगारातून कापले. चौदा पोत्यांचे पैसे एका ड्रायव्हरच्या पगारातून फिटायला किती महिने लागतात, ते त्याच्या बायकोला विचारावं.

मंडळी, त्या माणसाला ज्या प्रश्नानं हाकललं तो प्रश्न कायद्यानं कधीच निकालात काढलेला होता. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट लिहिलं होतं की प्रवासात गुन्हा घडला तर ज्या ज्या हद्दीतून तो माल गेला, त्यांपैकी कुठल्याही हद्दीतलं न्यायालय तो खटला चालवू शकतं. चोरीचा माल जिथं सापडेल तिथंही चालवता येतो. म्हणजे कायदा मालाबरोबर चालतो, त्याला हद्दीवर अडवतो तो माणूस. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

हद्दीचं हे दुखणं आपल्या मुलखाला नवं नाही. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, आणि इथून थोडं दक्षिणेला उतरलं की निजामाचा अंमल. चोरी या बाजूला करावी, माल त्या बाजूला विकावा. त्याआधीच ठगांच्या बंदोबस्तासाठी कंपनी सरकारनं 1836 चा तिसावा कायदा केला होता. ठगानं गुन्हा कंपनीच्या मुलखात केला की बाहेर, हे बघायचंच नाही, कुठल्याही जिल्ह्यातलं न्यायालय त्याला उभं करू शकेल. हद्दीचा प्रश्न एका फटक्यात सुटला. पण त्याच कायद्यानं टोळीत असणं हाच गुन्हा ठरवला, आणि त्या वाटेनं पुढं 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जन्माला येणारं पोर पाळण्यातच गुन्हेगार! तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी आजही रस्त्यावर ताडपत्री फाटली की आधी कुठल्या तरी तांड्याकडं किंवा पालावर बोट दाखवलं जातं. हे मला सहन होत नाही. हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर पोचवणारे लमाण हे या देशातले जुने माल वाहणारे. त्यांच्या नातवंडांकडं संशयानं पाहण्याआधी चोरीचा माल विकत कोण घेतं, ते पाहा.

कारण चोराला सोयाबीन खायचं नसतं. ऑगस्ट 2020 मध्ये तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरहून मुंबईकडे शाओमीचे मोबाइल घेऊन निघालेला ट्रक आंध्रच्या चित्तूर जिल्ह्यात नगरीजवळ लुटला. माल कोट्यवधींचा. दोन महिन्यांनी होसूरजवळ शूळगिरीला तशीच लूट, आणि तपास पोचला थेट मध्य प्रदेशात. एवढे मोबाइल कुणी खिशात घालून फिरत नाही. पलीकडं दुकान उघडं असतं, बिल न मागणारं गिऱ्हाईक असतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हासुद्धा गुन्हाच आहे.

आता पुन्हा हद्दीकडं. अमेरिकेत 1913 मध्ये एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाची चोरी हा केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा ठरला. आपल्याकडं घटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यांचा विषय आहे, आणि तो तसाच असावा असं मला वाटतं. आपल्याला नवं खातं नको, आहे ते ठाणं पुरे. 1 जुलै 2024 पासून नव्या संहिता लागू झाल्या आहेत. वाहतुकीच्या वाहनातून माल चोरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, साध्या चोरीला तीन. माल सांभाळायला घेतलेल्या वाहतूकदारानंच तो लाटला तर कलम 316 खाली तिथंही सात. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुणाच्याही हद्दीतला असो, खबर घ्यावीच लागते. त्याला आपण झिरो एफआयआर म्हणतो. हद्द नंतर ठरेल. माझ्या त्या ड्रायव्हरला हे कलम हवं होतं.

आता शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी जरा कान द्या. बिल्टी, म्हणजे वाहतूकदारानं दिलेली मालाची पावती, तुम्ही घडी करून खिशात टाकता आणि विसरता. 2007 च्या रस्ते माल वाहतूक कायद्याप्रमाणे माल हरवला तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा तुम्हाला सिद्ध करत बसावं लागत नाही. पण जास्त जोखमीचा दर ठरवून घेतला नसेल, तर भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. भाडं कितीसं असतं, आणि गाडीभर सोयाबीन कितीचं असतं? दुसरं, दाव्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक केल्यापासून 180 दिवसांत. कितीतरी जण माझ्याकडं आठव्या-नवव्या महिन्यात आले आहेत. सगळं खरं, सगळं रास्त, पण मुदत गेलेली. बिल्टीवर मालाची किंमत लिहिलेली असते का? पोत्यांचा आकडा आणि वजनकाट्याची पावती जुळते का? राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला साधारणपणे ई-वे बिल लागतं. ते सोबत असलं की गाडीत काय होतं यावर वाद राहत नाही.

आज सभेला ड्रायव्हर मंडळी आली असतील तर व्याख्यान झाल्यावर जाऊ नका. गाडीतली बिल्टी घेऊन या. इथंच मंचाशेजारी दिव्याखाली बसून मी ती तुमच्याबरोबर ओळ न् ओळ वाचतो, आणि ठाण्यात गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, तेही लिहून देतो.