पियानोच्या रचना आणि संगणकावरील स्वरलेखन



पियानोपुढें बसलें असतां एखादी सुंदर स्वरपंक्ति सुचते, दोन्ही हातांनीं ती घोळवून पाहिली जाते, आणि चार दिवसांनीं आठवूं म्हटल्यास आठवत नाहीं. रचना करण्याची हौस ज्यांना आहे त्यांना हा अनुभव नवा नाहीं. रचना टिकवावयाची तर ती लिहिलीच पाहिजे. पूर्वीं हें काम टांक-दौतीनें होई. आज तें बहुधा संगणकावर होतें. त्याकरितां जीं निरनिराळीं सॉफ्टवेअरें मिळतात त्यांतून निवड कशी करावी, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

निवड करणारा मनुष्य प्रथम पाहतो तें हें, कीं लिहिलेलें संगणक किती गोड वाजवून दाखवितो. परंतु पियानो ज्याच्या घरांत आहे त्याला हा गुण दुय्यम होय; त्याची रचना त्याचीं बोटें वाजवूं शकतात. त्याला हवें असतें असें पान, कीं जें दुसऱ्या वादकानें समोर ठेवावें आणि रचनाकाराच्या मनांतलें सारें त्याला न विचारतां कळावें.

असें पान साधणें पियानोच्या बाबतींत सोपें नाहीं. पियानोचें लेखन पांच-पांच रेघांच्या जोडओळींवर होतें. सामान्यतः वरची ओळ उजव्या हाताची, खालची डाव्या हाताची. बाखच्या एखाद्या फ्यूगमध्यें तीन-चार स्वतंत्र स्वरधारा या दोनच ओळींत नांदतात, आणि मधली धारा या हातांतून त्या हातांत जाते. तेव्हां एका ओळींत दोन धारा लिहिल्या असतां स्वरांच्या दांड्या परस्परविरुद्ध दिशांना वळतात काय, एका ओळींतून दुसरींत जाणारा स्वरसमूह एकाच आडव्या पट्टीनें जोडतां येतो काय, पेडल कोठें दाबावें व कोठें सोडावें हें नेमकें दाखवितां येतें काय, बोटांचे १ ते ५ हे अंक दाटींतहि स्वच्छ बसतात काय, हें पाहावें. आपल्या आवडत्या छापील रचनेंतील सर्वांत दाट पान घेऊन त्याची नक्कल करून पाहावी. जाहिरातींतून न कळणारें पुष्कळसें त्या एका पानानें कळतें.

आतां प्रमुख साधनांकडे वळूं. म्यूझस्कोअर हें विनामूल्य असून हौशी रचनाकाराच्या बहुतेक गरजा भागवितें. लिलिपाँड हेंहि विनामूल्य. पण त्यांत स्वर अक्षरांनीं लिहावयाचे असतात आणि पानाची मांडणी संगणक करतो. ज्याला चिकाटी आहे त्याला तें जुन्या कोरीव छपाईच्या वळणाचें देखणें पान देतें. सिबेलियस हें १९९३ सालीं इंग्लंडांत निघालें. त्याच्या मंडळींची लंडनची कचेरी २०१२ सालीं बंद झाली. त्यांतील अनेकजण स्टाइनबर्ग या जर्मन कंपनींत गेले आणि २०१६ सालीं त्यांनीं डोरिको सिद्ध केलें. डोरिकोंत मध्येंच एखादा स्वर घातला तर पुढील मजकूर सरकून नव्यानें मांडला जातो. लिहितां लिहितां रचना बदलणाऱ्याला ही सोय मोलाची. या दोहोंच्या विनामूल्य लहान आवृत्त्याहि आहेत. त्यांतील वाद्यसंख्येची मर्यादा एकट्या पियानोला जाचत नाहीं. मात्र इतर कोणत्या सोयी वगळल्या आहेत तें आधीं पाहावें.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. १९८८ सालीं निघालेलें फिनाले या क्षेत्रांत दीर्घकाळ अग्रगण्य होतें. २०२४ च्या ऑगस्टमध्यें त्याच्या कंपनीनें जाहीर केलें, कीं यापुढें त्याचा विकास होणार नाहीं. ज्यांच्या यंत्रावर तें आहे त्यांचें काम चालूं शकतें. पण उद्यांच्या यंत्रावर तें चालेल याची हमी कोण देणार? तीस-तीस वर्षें ज्यांनीं आपल्या रचना त्याच्या स्वाधीन केल्या, त्यांच्यापुढें हा प्रश्न उभा राहिला. उलट बाखनें १७२२ हें साल घातलेलें प्रिल्यूड-फ्यूगांचें स्वहस्तलिखित आजहि नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येतें. आपल्याकडे पंडित भातखंडे यांनीं स्वरलिपींत उतरवून छापलेल्या चिजाहि तशाच वाचतां येतात. कारण त्या चिन्हांना कोणाचें कुलूप नाहीं.

म्हणून कोणतेंहि साधन घेतांना, यांत घातलेलें बाहेर काढतां येतें काय, हें अवश्य विचारावें. त्यासाठीं म्यूझिकएक्सएमएल नांवाची एक सामायिक लेखनपद्धति आहे. तिची पहिली आवृत्ति २००४ सालीं निघाली. म्यूझस्कोअर, सिबेलियस आणि डोरिको हीं तिघेंहि ती वाचतात व लिहितात. लिलिपाँड ती एका जोडसाधनानें वाचतें, पण आपलें लेखन तींत देण्यास तें तितकें समर्थ नाहीं. मात्र त्याची मूळ फाईल साधीं अक्षरेंच असल्यामुळें ती कोणत्याहि यंत्रावर उघडून वाचतां येते. या पद्धतींतून स्वर, ताल आणि बहुतेक खुणा एका साधनांतून दुसऱ्यांत जातात. पानाची नाजूक मांडणी मात्र पुष्कळदां बिघडते व पुन्हा लावावी लागते. रचना पुरी होतांच तिची एक प्रत या पद्धतींत काढावी आणि एक कागदावर छापून ठेवावी. कागदाला विजेची गरज नाहीं.

साधन मोफत घ्यावें कीं विकत, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा व आवडीचा प्रश्न. साधनें येतील आणि जातील. त्यांच्याबरोबर आपली रचना जाऊं नये, इतकी व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवावी, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.