पटाभोवतालच्या गप्पा

बुद्धिबळ हा मौनाचा खेळ आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी इंदापूर तालुक्यातील शेळगावासारख्या गावी एखाद्या दुपारी ओसरीवर जाऊन बसावे. पट दोघांचा असतो, पण खेळणारे सहा-सात असतात. दोघे हात चालवितात, बाकीचे तोंड. उसाला पाणी घ्यावयाची पाळी आली म्हणून घरचा गडी बोलवावयास येतो, तर त्यास उत्तर मिळते, "अरे, इथेही माझीच पाळी आहे!" आणि निरोप घेऊन आलेला तो गडीही, घोडा कोणत्या घरात बसला आहे एवढेच पाहावे म्हणून पायरीवर टेकतो, तो दिवस कलला तरी उठत नाही.

डाव संपला म्हणजे अशा बैठकीस खरा रंग भरतो. जिंकणारा उदार होतो आणि हरणाऱ्यास कारणे सुचू लागतात. समजा, काकांनी आज पुण्यास शिकणाऱ्या पुतण्याकडून मात खाल्ली आहे.

"काका, तुमचा वजीर फुकट गेला."

"फुकट कसला? सकाळपासून डोके दुखते आहे."

ह्यावर कोपऱ्यातील वैद्यबुवा अडकित्ता खाली ठेवून म्हणतात, "एका इंग्रज खेळाडूची गोष्ट सांगतात ती ऐकली आहे ना? निरोगी मनुष्यास हरविण्याचा योग आपल्याला उभ्या जन्मात आला नाही, अशी त्याची तक्रार होती!"

हा इंग्रज कोण, ह्याविषयी एकमत नाही. तीन-चार नावे घेतली जातात. बुद्धिबळातील आख्यायिका अशाच असतात. त्या वाऱ्यावर फिरतात आणि ज्याच्या अंगास बरोबर बसतील त्याच्या होऊन राहतात. निम्झोविचची गोष्टही त्यातलीच. हा मोठा तर्कट खेळाडू. त्यास तंबाखूच्या धुराचा तिटकारा. एकदा समोरच्याने चिरूट काढून नुसता पटाशेजारी ठेवला, तोच हा पंचाकडे धावला. पंच म्हणाला, "पण ते तर ओढीत नाहीत!" निम्झोविच उत्तरला, "ओढीत नाहीत. पण धमकी देत आहेत. आणि धमकी ही प्रत्यक्ष माऱ्याहून वाईट, हे कोणताही खेळाडू जाणतो." तो चिरूटवाला लास्कर होता असे कोणी म्हणतो, विदमार होता असे कोणी. ओसरीवर ह्या वादाचा निकाल लागत नाही, परंतु काकांनी कमरेची चंची काढताच पुतण्या ओरडतो, "पंच कोठे आहेत? काकांनी धमकी दिली!"

जोसेफ ब्लॅकबर्न (१८४१–१९२४) ह्याची कथा ह्याहून रंगेल आहे. एकाच वेळी अनेकांशी खेळत, एका पटावरून दुसऱ्या पटाकडे जाता जाता त्याने एका प्रतिस्पर्ध्याचा मद्याचा पेला उचलून रिकामा केला. जाब विचारला तेव्हा म्हणाला, "त्याने पेला माऱ्यात ठेवला होता, मी तो जाता जाता मारला." ह्यातील खोच कळावयास विलायती खेळाचा एक नियम ठाऊक असावा लागतो. त्या खेळात प्यादे पहिल्या खेपेस दोन घरे चालते, आणि तसे ते निसटू लागले तर शेजारचे शत्रूचे प्यादे त्यास 'जाता जाता' मारू शकते.

"आमच्या देशी खेळात ही भानगड नाही," काका म्हणतात. "प्यादे एकच घर चालायचे. गरिबाने पायरी ओळखून चालावे."

परंतु ह्या एका घराच्या चालीनेच मोठा इतिहास घडविला आहे. १८४८ च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर होता. त्याच्या तोडीचा खेळाडू तेथील साहेबलोकांत नव्हता. मोफसिलीत एक ब्राह्मण आहे व तो कोणासच हरत नाही, असे त्याच्या कानी आले. त्याचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. पुढे ह्या दोघांत शेकडो डाव झाले. महेशचंद्रांस देशी खेळाची सवय; प्यादी हळूहळू सरकवावी, उंट कोपऱ्याजवळ दबा धरून बसवावा आणि शत्रूस मध्यभाग खुशाल घेऊ द्यावा, अशी त्यांची रीत. ज्या मांडण्या त्या काळी गावंढळ वाटल्या, त्यांच्याच वंशातील बचाव आज जगज्जेते खेळतात आणि त्यांस 'इंडियन' हेच नाव आहे. डाव बहुधा कॉक्रेनच जिंकला. नाव मात्र हरणाऱ्याच्या देशाचे राहिले.

मुंबई इलाख्यातही ह्या विद्येस जुनी परंपरा आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८१४ मध्ये, म्हणजे पुण्यास पेशवाई असतानाच, मुंबईत छापून निघाला. त्यात शेवटाकडील अवघड स्थिती मांडून दाखविल्या आहेत. जुन्या खेळाडूंस नुसत्या मातेने समाधान होत नसे. वजिराने मात केली तर ती कोणीही करील. प्याद्याने करावी, तेव्हा मिशीस पीळ द्यावा!

मिशीचा विषय निघाला की गोष्ट सुलतानखानावर येते. पंजाबातील हा मनुष्य देशी खेळावर वाढला, विलायती नियम मागाहून शिकला आणि १९२९ मध्ये मलिक सर उमर हयातखान ह्यांच्याबरोबर इंग्लंडास गेला. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा त्याने ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यास हरविले. सांगतात की, ऑस्ट्रियाच्या क्मोखने त्यास डाव बरोबरीत सोडविण्याविषयी तीनदा विचारले. तिन्ही वेळा हा नुसता हसला. क्मोखने चिडून विचारले, "तुमचा हा खेळाडू भाषा तरी कोणती बोलतो?" त्याचा कप्तान म्हणाला, "बुद्धिबळाची." आणि क्मोख हरला.

सुलतानखान परत आल्यावर १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर ह्यांचा त्याच्याशी सामना झाला. दहा डावांपैकी एक बरोबरीत सुटला. बाकीचे नऊ सुलतानखानाने जिंकले. ओसरीवर ह्या नवांचा उच्चार कोणी करीत नाही. काका छाती पुढे काढून म्हणतात, "हेस्टिंग्जला कापाब्लांका बुडाला, आमचे खाडिलकर दहांत एकदा तरी तरले!"

हशा ओसरतो तो पुतण्या आणखी एक गोष्ट काढतो. १९३३ मध्ये अमेरिकेचे खेळाडू लंडनमध्ये सर उमर ह्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले. जेवणाच्या वेळी पाहतात तो, ज्याच्या खेळास ते मानीत, तो सुलतानखानच ताटे वाढीत होता! रूबेन फाइन ह्या खेळाडूने ही हकीकत लिहून ठेविली आहे. कोणी तरी सवयीने हसू लागतो. पण हसू अर्ध्यावर थांबते. वैद्यबुवा विचारतात, "ह्यात हसण्यासारखे काय आहे?"

प्रश्न योग्य आहे. सुलतानखानाच्या नातीने तर जाहीरपणे लिहिले आहे की, तो नोकर नव्हता. त्याचे घराणे जमीनदारांचे व पीरांचे होते. म्हणजे जी गोष्ट सांगून दोन पिढ्या लोकांनी कधी हळहळ केली, कधी करमणूक, तिच्यामागचा मनुष्य कोणी विचारलाच नाही. १९५० मध्ये जागतिक संघटनेने सत्तावीस खेळाडूंस प्रथम ग्रँडमास्टर पद दिले, त्यांत त्याचे नाव नव्हते. १९६६ मध्ये तो वारला. ते पद सन्मानार्थ त्याच्या नावास जोडले गेले ते २०२४ मध्ये.

"आणि त्या दुसऱ्या खाडिलकरांच्या मुलीचे काय झाले?" चहा घेऊन आलेल्या काकू उंबऱ्यातून विचारतात. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा देशात गदारोळ उडाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स ऑयवे ह्यांस सांगावे लागले की, स्त्री आहे म्हणून कोणास स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही. "पटाला माणूस दिसत नाही, म्हणता. पट मांडणाऱ्यांना मात्र पहिल्यांदा तेच दिसते!" एवढे बोलून काकू आत जातात.

चहा निवत चाललेला असतो. काकांची दृष्टी पायरीवर बसलेल्या गड्याकडे वळते. दुपारपासून तो एक शब्द बोललेला नाही. पट मात्र त्याने नजरेआड होऊ दिलेला नाही.

"येतो का रे तुला?"

"थोडा थोडा, मालक."

"मग बस इथे. पायरीवर नको, इथे, समोर."

देशी रीतीने डाव मांडला जातो. तासाभराने काकांचा राजा कोपऱ्यात अडकतो. गडी बोटाच्या टोकाने एक प्यादे एकच घर पुढे सारतो, आणि पुढे हलावयास राजास जागा उरत नाही. ओसरीवर क्षणभर सारे गप्प. मग तोच मान खाली घालून म्हणतो, "मालक, आज तुमची तब्येत बरी नसंल."