लेबल नसलेला सिलिंडर

मी साइटवरचा सुपरवायझर, वकील नाही. तरी आज युद्धगुन्ह्यांच्या नोंदींवर बोलतोय, कारण त्यात मेलेली माणसं आपल्याच धंद्यातली होती.

जून 2014. इराकमधलं मोसुल आयसिसच्या ताब्यात गेलं. तिथे बांधकाम कंपनीत असलेले 40 भारतीय मजूर पकडले गेले, बहुतेक पंजाब, हिमाचल, बिहार, बंगालचे. एकजण सुटून आला. बाकीच्यांना गोळ्या घातल्या असं तो सांगत होता. सरकारने ते मानलं नाही. त्याच्या शब्दाला जोडायला हातात दुसरं काही नव्हतं, त्यामुळे बाकीचे 'बेपत्ता'. घरचे जवळपास चार वर्षं अधांतरी. शेवटी बादुशला सामूहिक कबर सापडली, लांब केस आणि हातातलं कडं दिसलं, घरच्यांच्या डीएनएशी नमुने जुळवले. 20 मार्च 2018 ला सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं, 39 जण गेले.

हे दुखणं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात 1943 साली लंडनमध्ये युद्धगुन्हे आयोग निघाला. 17 देश, त्यात भारतही, तोही इंग्रजांच्या राज्यात असताना. आयोगाकडे ना पोलीस, ना कोर्ट. सगळ्या देशांनी एकाच नमुन्याच्या फॉर्मवर केस पाठवायची, बस. आरोपीचं नाव, हुद्दा, तुकडी, जागा, तारीख, काय घडलं, पुरावा काय. आणि मला सगळ्यात आवडलेला रकाना: आरोपी बचावात काय म्हणेल? मग कमिटी बसून तपासायची. पुरावा पुरेसा असेल तर 'ए', नुसता संशय असेल तर 'एस', साक्षीदार असेल तर 'डब्ल्यू'. 1948 ला आयोग बंद झाला तेव्हा यादीत 36,000 हून जास्त नावं होती. ते कागद न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाकडे आले आणि कित्येक दशकं सामान्य माणसाला बंदच राहिले. आता वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियममध्ये त्यांच्या प्रती बघता येतात.

आयसिसच्या गुन्ह्यांसाठीही सुरक्षा परिषदेने 2017 ला ठराव 2379 करून पथक नेमलं. इराकी कोर्टांतले ढीगभर कागद त्यांनी स्कॅन केले. पण इराकमध्ये फाशी आहे, आणि फाशी होऊ शकेल अशा खटल्याला राष्ट्रसंघ पुरावा देत नाही. हा तिढा सुटलाच नाही, 2024 ला पथक गुंडाळलं. म्हणजे जमवलेलं कोणाला द्यायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही अमेरिकेत, आमचं काय? अहो, इस्रायलच्या बांधकामांसाठी 2024 ला पुण्यातही भरती झाली. रशियात हेल्परची नोकरी सांगून नेलेली आपल्या देशाची पोरं थेट सैन्यात गेली. कोणाचा भाचा, कोणाचा मेहुणा तिकडे असेल, तर फोन आधी तुम्हालाच येणार. आणि जानेवारी 2023 पासून इथला कायदाही बदललाय. गुन्हा परदेशात घडलेला, मारणारा आणि मरणारा दोघेही परदेशी असले, तरी आरोपी अमेरिकेत सापडला तर इथे खटला चालू शकतो.

काँक्रीट ओतताना आपण सिलिंडर भरतो. त्यावर तारीख, ट्रकचा नंबर, जागा लिहितो. 28 दिवसांनी तो कमी लोडला फुटला, तर कुठला माल ते कळतं. लेबल नसलेला सिलिंडर म्हणजे कचरा. नोंदीचंही तसंच.

नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच लिहा, पण टोपणनावाचा रकाना ठेवा. आपल्यात निम्मी साइट अण्णा आणि पप्पू म्हणूनच ओळखली जाते! पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. फोटोची मूळ फाइल जपा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोतली जागा-तारीख निघून जाते. आणि एकाच साक्षीदाराला दहा जणांनी दहादा विचारू नका. दर वेळी जबाब थोडा बदलतो, समोरचा वकील नेमकं तेच धरतो. एकदा, शांतपणे, त्याच्याच भाषेत, त्याची परवानगी घेऊन.

राहिला प्रश्न ठेवायचं कुठे. ग्रुपवर तर नकोच. एक मास्टर शीट, तिचा पासवर्ड दोघांकडे, त्यातला एक वकील. सांगणाऱ्याच्या व्हिसाबद्दल त्यात एक अक्षरही नको. कोरा फॉर्म मराठीत केलाय, मागच्या टेबलावर ठेवलाय, जाताना घेऊन जा.