बाळंतविडा : गरजेचा आणि हौसेचा



घरात बाळ येणार ही वार्ता कळताच आनंदाच्या पाठोपाठ खरेदीची यादीही घरात शिरते. बाबागाडी, दुधाच्या बाटल्या, सुगंधी पावडर, वॉकर... यादी संपत नाही, पगार मात्र संपतो. प्रसंगी हप्त्यांवर खरेदी होते. अशा वेळी विचारायला हवे : ही यादी बाळाच्या गरजेची आहे की आपल्या प्रतिष्ठेची?

नवजात शिशूच्या मूलभूत गरजा चारच : ऊब, आईचे दूध, स्वच्छता आणि संरक्षण.

उबेचा विचार घरातल्या आजीने केव्हाच केला होता. अनेकदा धुऊन मऊ झालेल्या धोतर-लुगड्याचे सुती कापड घाम व ओल टिपते आणि कोवळ्या त्वचेला टोचत नाही. दोन डझन लंगोट, सहा झबली, सहा दुपटी, दोन टोपडी, एक गोधडी आणि एक मेणकापड एवढ्यात पहिले तीन महिने सुखाने निभावतात. झबल्यांना बटणांऐवजी बंद असावेत. लंगोट स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावेत. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. आज जगभरचे डॉक्टर ती सुचवतात. तिला पैसा लागत नाही.

दूध तर विकत आणण्याची वस्तूच नव्हे. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू व्हावे आणि सहा महिने बाळाला वरचे पाणीही देऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. भुकटीचे दूध व बाटल्या यांच्या जाहिरातींना आपल्या संसदेने १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, ती उगाच नव्हे. अस्वच्छ बाटली म्हणजे जुलाबाला निमंत्रण. काही कारणाने वरचे दूध द्यावेच लागले, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वाटी-चमच्याने द्यावे. वाचलेला पैसा बाळंतिणीच्या ताटात दिसू द्या : वरण, पालेभाजी, दूध, अळिवाचा लाडू. आईचे पोषण हा बाळासाठीचा पहिला खर्च होय.

संरक्षणासाठी एक मच्छरदाणी आणि वेळच्या वेळी लसीकरण. जन्मतः द्यायच्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब या लसी सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळतात. त्यांत संकोच कसला?

परंपरेचा अभिमान बाळगताना विवेकही हवा. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवणे धोक्याचे आहे, काजळात शिसे असू शकते, आणि धुरीचा धूर कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. या तीन गोष्टी सोडल्याने संस्कृती उणावत नाही. उलट, बाळाने उभे राहून स्वतः ढकलायचा लाकडी पांगुळगाडा आपल्याकडे होताच. बाळाला मध्ये बसवून फिरवणाऱ्या वॉकरवर कॅनडाने अपघातांमुळे २००४ साली बंदी घातली. जुने ते सारेच सोने नव्हे, आणि नवे ते सारेच शास्त्रीय नव्हे.

बाळंतविडा ही आपली सुंदर प्रथा. माहेर, सासर, शेजार यांनी मिळून नव्या जीवाचा भार उचलायचा, हा तिचा अर्थ. मग बारशाला पाच घरांतून पाच भारी फ्रॉक आणण्यापेक्षा आधी विचारून एकाने दुपटी, दुसऱ्याने मच्छरदाणी, तिसऱ्याने डिंकाचे लाडू आणले तर? बाळ तीन महिन्यांत कपड्यांतून बाहेर पडते. ते कपडे धुऊन, उन्हात घालून, घडी करून पुढच्या बाळाकडे जावेत. घेणाऱ्याला त्यात कमीपणा वाटू नये, देणाऱ्यानेही फाटके-डागाळलेले देऊ नये.

सेवावस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बाळंतिणीच्या घरी जाताना दुधाच्या भुकटीचा डबा नेऊ नका. धुतलेले लंगोट-दुपटी, तिच्यासाठी पौष्टिक खाऊ आणि लसीकरणाची तारीख एवढे घेऊन जा. त्या घराला त्याचीच गरज असते.