फोनवरचा बाजार आणि रस्त्यावरची पाटी
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



‘घरबसल्या सगळं मिळतं, मग पुढे दुकानं राहणार का?’ असा प्रश्न हल्ली सगळीकडे ऐकू येतो. आपण तो वेगळा विचारू या. बाजार फोनवर गेला, की त्यात बाईची जागा कोणती?

भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई पहाटे मार्केट यार्डातून माल स्वतः निवडते. भाव तीच ठरवते. उधारी कोणाला द्यायची, हेही तीच ठरवते. शाळा शिकली नसेल, पण धंदा तिचा आहे. फोनवर मागवलेली भाजी येते ती वस्तीजवळच्या गोदामातून. तिथेही बायका आहेत, पण निवडायला, तोलायला, पिशव्या भरायला. तेही बहुधा ठेकेदाराच्या हाताखाली. म्हणजे पाटी सोडून तिथे गेलेली बाई मालकिणीची मजूर होते.

घरपोच सामान मागवणाऱ्या बाईला मात्र दोष देऊ नका. नोकरी करून दमून आलेल्या बाईचा एक हेलपाटा वाचतो. पण काय संपलं, काय आणायचं, हे लक्षात ठेवणं तिच्याच डोक्यावर असतं. शिवाय ‘बाजारात जाऊन येते’ एवढं सांगूनच ज्यांना उंबरठ्याबाहेर पडता येतं, त्यांची ती वाटही बंद होते.

फोनवरच्या बाजारावर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. तो राहणार आहे. पण दोन्ही बाजारांत बाईचा हक्क राहिला पाहिजे, आणि त्यासाठी कायदे हाताशी आहेत.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही जागेवरून उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. गोदामातल्या बाईसाठी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ठेकेदाराने वेतन बुडवलं, तर ते देण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते.

तेव्हा आपापल्या शहरात दोन कामं हाती घेऊ या. समितीत बायका खरोखर आहेत का, त्यांना बैठकीची नोटीस मिळते का, ते पाहू. आणि गोदामाच्या दारापाशी सुट्टीच्या वेळी उभं राहून आतल्या बायकांशी बोलू. पाटीवाली आणि पिशवी भरणारी एकाच संघटनेत आल्या, तर बाजार कुठेही गेला तरी बाईला वगळून जाणार नाही.