अंगठा शेवटी, बोलणं आधी

(सिरोंचा इथे ग्रामसभा कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेलं भाषण)





मला वनहक्क कायद्यावर बोलायला सांगितलं आहे. कायद्यातलं काय ते सांगतोच. पण आधी आमच्या गावात झालेली एक चूक सांगतो. चूक दुसऱ्या कोणाची नाही, माझीच आहे.

आमच्या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा टाकायचं ठरवलं. मी बारावी शिकलेला, म्हणून कागदाचं काम माझ्याकडे आलं. आम्ही तिघा पोरांनी एका रात्रीत दावा भरून टाकला. दुसऱ्या एका गावाच्या दाव्याची झेरॉक्स आमच्याकडे होती. त्यातलं गावाचं नाव बदललं, माणसांची नावं बदलली, झालं. सकाळी रजिस्टर घेऊन घरोघरी फिरलो. मोहाचे दिवस होते. बाया टोपल्या घेऊन निघाल्या होत्या, त्यांचे अंगठे वाटेतच घेतले. कोणी विचारलं, कशाचा कागद आहे? आम्ही सांगितलं, जंगलाचा आहे, चांगला आहे. अशी आमची ग्रामसभा "झाली". कागदावर गाव भरून हजेरी होती. खरं म्हणजे त्या दिवशी चार माणसंसुद्धा एका जागी बसली नव्हती.

पुढे मोका पाहणी झाली. आलेल्या माणसांनी एका अव्वाला विचारलं, तुमच्या गावाची शीव कुठपर्यंत? तिने हात करून बरोबर पहाड दाखवला. पण आमच्या कागदात शिवेवर एक नाला लिहिला होता, आणि तो नाला आमचा नव्हताच. ज्या गावाची झेरॉक्स आम्ही उतरवली, त्या गावाचा तो नाला. दावा परत आला. शेजारच्या गावाशी तंटा झाला तो वेगळा. त्यांना वाटलं, हे आपलं जंगल लिहून घेत आहेत.

संध्याकाळी ती अव्वा मला म्हणाली, "पोरा, तू माझा अंगठा नेलास, मला नाही नेलंस."

आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकी जे बोलेन ते यातूनच निघतं.

आपण म्हणतो, साहेब लोक आपल्याला विचारत नाहीत. खरं आहे. पण आपण तरी आपल्या गावाला विचारतो का? अंगठा म्हणजे माणूस नव्हे. रजिस्टर म्हणजे ग्रामसभा नव्हे.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. 2006 सालचा वनहक्क कायदा आणि त्याचे नियम दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून करतात. उपविभागाची समिती आणि जिल्ह्याची समिती त्यानंतर येते. 2012 साली नियमात बदल झाला. त्याप्रमाणे सभेला गावातले निम्मे सभासद तरी हजर पाहिजेत. हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा तरी बाया पाहिजेत. दाव्यावर ठराव घ्यायचा असेल तर ज्यांनी दावे केले त्यातले निम्मे तरी, स्वतः किंवा त्यांच्या वतीने कोणी, हजर पाहिजेत. आम्हाला आधी वाटायचं, ही अट अडवण्यासाठी आहे. आता कळतं की ती आपल्याच कामाची आहे. माझ्यासारख्या तीन पोरांनी गावाचं जंगल एका रात्रीत लिहून टाकू नये, म्हणून ती आहे.

पेसा कायदा 1996 सालचा. आपला सिरोंचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून तो इथे लागू आहे. पेसा म्हणतो, गाव म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. जिथले लोक आपल्या रीतीरिवाजाने आपला कारभार बघतात ती वस्ती, तो टोला, ते गाव. म्हणजे 15 घरांचा टोला असला तरी त्याची ग्रामसभा होऊ शकते. पंचायत लांबच्या गावात आणि रजिस्टर तिथल्या कपाटात, हे आपण फार दिवस चालवून घेतलं.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केलं ते सांगतो. आधी गावाने मला आणि त्या दोघांना उभं करून विचारलं. आम्ही चूक कबूल केली. मग पाच संध्याकाळी गाव मोहाच्या झाडाखाली बसलं. आपल्याकडे कोणी तेलुगू बोलतं, कोणी माडिया, कोणी गोंडी, आणि कागद असतो मराठीत. म्हणून ठरवलं, बोलणं आपल्या बोलीत होईल, मी ते मराठीत लिहीन आणि लिहिलेलं परत आपल्या बोलीत वाचून दाखवीन. सगळे हो म्हणाले तरच पुढची ओळ.

त्या पाच संध्याकाळी मला माझं गाव कळलं. आधीच्या दाव्यात आम्ही फक्त बांबू आणि तेंदू लिहिलं होतं. बायांनी सांगितलं कंद कुठे निघतात, डिंक कुठला, चारोळी कुठली, उन्हाळ्यात पाणी कोणत्या झऱ्याला राहतं. गुराख्याने चराईची जागा सांगितली. म्हाताऱ्यांनी पेनाची जागा सांगितली, जुनी मसणवट सांगितली, उठून गेलेल्या जुन्या गावाची जागा सांगितली. नियम 13 मध्ये याच गोष्टी पुरावा म्हणून धरल्या आहेत. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा आहे. म्हणजे आम्ही ज्या पुराव्यासाठी तालुक्याला चकरा मारत होतो तो पुरावा बाजेवर बसून तंबाखू खात होता!

मग शेजारच्या गावाकडे गेलो. माफी मागितली. दोन्ही गावांची माणसं मिळून शिवेवरून चाललो, दोन दिवस लागले. दोन्ही गावांनी एकाच कागदावर सह्या केल्या. दावा पुन्हा दाखल केला, त्याची पोच घेतली. निकाल अजून आलेला नाही. पण आता कोणीही येऊन गावातल्या कोणालाही विचारलं तर उत्तर एकच मिळतं.

निकाल विरुद्ध गेला तर? तरी घाबरायचं नाही. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. खालच्या समितीचा निर्णय पटला नाही तर 60 दिवसांत वर दाद मागता येते. वनखात्याची आणि महसूलची माणसं मोका पाहणीला बोलवायची, त्याची पोच ठेवायची. ती हजर राहिली तर त्यांची सही, हुद्दा, तारीख घ्यायची. पण हे कोण सांभाळणार? घरात झोपलेलं गाव हे सांभाळू शकत नाही.

बसून बोललेलं गाव काय करू शकतं, ते आपल्या जिल्ह्यानेच दाखवलं आहे. धानोरा तालुक्यात मेंढा गाव आहे. "मावा नाटे मावा राज" हे आपण सगळे म्हणतो. त्या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला, स्वतः केंद्रीय मंत्री जयराम रमेश तिथे आले होते. पण तो हक्क काही एका दिवसात आला नाही. त्याआधी कितीतरी वर्षं ते गाव अभ्यासगट करून बसत होतं आणि निर्णय सर्वांच्या सहमतीने घेत होतं.

आपल्या भागाचंही आठवा. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन मोठी धरणं होणार होती. आपली गावं, आपलं जंगल पाण्याखाली जाणार होतं. 1984 साली हेमलकशाला आदिवासींची मोठी सभा झाली. लालश्यामशहा महाराज होते, बाबा आमटे होते. "मानव बचाव, जंगल बचाव" ही हाक तेव्हाची. ती धरणं झाली नाहीत. तेव्हा ना पेसा होता, ना वनहक्क कायदा. माणसं एकत्र बसली होती, तेवढंच.

आणि कायदा आल्यावर काय होतं ते ओडिशातल्या नियमगिरीला दिसलं. तिथे डोंगर खोदून बॉक्साइट काढायचं होतं. 2013 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आधी ग्रामसभांना विचारा. 12 गावांच्या ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावं नाही म्हणाली. त्या सभेत बाया उभं राहून बोलल्या. तिथे कोणी आमच्यासारखं घरोघरी अंगठे गोळा केले असते, तर तो कागद टिकला असता का?

कोणी म्हणतं, हक्क मिळाला की काम संपलं. तसं नाही, काम तिथूनच सुरू होतं. आपल्या जिल्ह्यात काही ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या आहेत. पैसा गावात येतो. मग हिशेब कोण वाचणार? दोन माणसांनाच हिशेब माहीत असेल तर ठेकेदार गेला आणि आपल्यातलाच दुसरा बसला, एवढाच फरक.

म्हणून गावाला परत गेल्यावर या पाच गोष्टी करू या.

1. ग्रामसभेचं रजिस्टर गावात ठेवा. कोणाच्या घरी आहे ते सगळ्यांना माहीत पाहिजे.

2. सभेचा दिवस लोक बघून ठरवा. आपली अर्धी माणसं मिरची तोडायला नदीपलीकडे तेलंगणात जातात. ती नसताना सभा ठेवली तर निम्मी हजेरी कुठून येणार?

3. बायांना कडेला बसवू नका. सभेची वेळ त्यांना विचारून ठेवा. स्वयंपाकाच्या वेळेला सभा ठेवायची आणि मग बाया येत नाहीत म्हणायचं, हे बंद करा.

4. लिहिलेला ठराव आपल्या बोलीत वाचून दाखवा. वाचल्यानंतरच सही, त्यानंतरच अंगठा. कोऱ्या कागदावर काहीच नाही, मग मागणारा साहेब असो, पुढारी असो की आपला कार्यकर्ता असो.

5. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या आणि एक प्रत गावात ठेवा.

माझ्यासारख्या शिकलेल्या पोरापोरींना एक वेगळं सांगतो. आपल्याला लिहिता येतं म्हणून गाव आपल्या हाती कागद देतं. गाव आपल्याला त्याच्या वतीने बोलायला सांगत नाही, त्याचं बोलणं लिहायला सांगतं. यात चूक झाली तर लपवू नका. मी लपवली असती तर तो परका नाला आजही आमच्या दाव्यात असता.

ती अव्वा या वेळी पाचही संध्याकाळी आली. शेवटच्या दिवशी सगळा ठराव ऐकला, एका झऱ्याचं नाव चुकलं होतं ते दुरुस्त करायला लावलं, आणि मग म्हणाली, आता आण शाई.

जोहार!